राव्नाच्या हिमगाडीची केबल

मी एक जुनी हिमगाडी आहे. मित्रांनो, मला चाके नाहीत, म्हणून मला गाडी म्हणावे की नाही असा प्रश्न तुम्हांला पडेल. माझ्या पुढच्या अंगाला दोन लांब स्की आहेत आणि पोटाखाली रबराचा रुंद, दातेरी पट्टा आहे. पट्टा फिरला की बर्फ मागे उडते आणि मी पुढे जाते. आता माझा हिरवा रंग विटला आहे. बसायची गादी जागोजागी शिवलेली आहे आणि पुढची काच तडकली आहे. तरी मी अजून चालते. चालते आहे तोवर एक गोष्ट सांगून टाकावी असे वाटते. गोष्ट माझी आहे, पण तिच्यातला सल राव्नाचा आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. एकाने स्की बसवल्या, दुसऱ्याने इंजिन बसवले, तिसऱ्याने नट आवळले. कोणाचाच चेहरा नीट पाहायला मिळाला नाही. मग मला लाकडी खोक्यात बंद केले. खोके उघडले तेव्हा समोर दूर उत्तरेकडच्या काउतोकेनो गावाचा हिवाळा होता आणि राव्ना होती.

राव्नाचे वडील त्याच वर्षी वारले होते. रेनडिअरचा कळप तिच्यावर आणि तिच्या धाकट्या भावावर, इस्सातवर, येऊन पडला होता. राव्ना अंगाने काटक आणि बोलायला फटकळ. इस्सात हसरा, आणि कुठलीही गाडी दिसली की तिचा वेग आधी विचारणारा. माझ्या आधीची त्यांची गाडी त्याने ईस्टरच्या शर्यतीत पळवली होती आणि तिचा पिस्टन जाळला होता. म्हणून मी घरी आले त्या दिवशी राव्नाने माझी किल्ली दोरीत ओवून स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"हिला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"नुसतं बघतोय गं, ताई."

"बघायचं तेही लांबनं बघ. तुझ्या नजरेनंसुद्धा पिस्टन जळतो."

इस्सात हसला. तेव्हा त्या बोलण्यात राग नव्हता.

माझी पहिली वर्षे फार सुखाची गेली. सकाळी कळपाची फेरी, मग सरपण, मग रेनडिअरसाठी शेवाळ आणि सुका चारा. माझ्या मागे एक लाकडी घसरगाडी जोडलेली असे. तिच्यात कधी जाळी असत, कधी लंगडे पिल्लू असे, तर कधी राव्नाची म्हातारी बिग्गा मावशी कातड्यांत गुंडाळून बसलेली असे आणि वाटभर मला शिव्या देत असे, कारण माझ्या आवाजात तिला स्वतःचे बोलणे ऐकू येत नसे. पण उतरताना ती माझ्या बॉनेटवर थाप मारायची. "घोडीच आहे," म्हणायची. मला ते फार आवडे.

आता माझ्या छातीविषयी थोडे सांगायला हवे, म्हणजे पुढचे तुम्हांला कळेल. माझ्या इंजिनात दोन सिलिंडर आहेत. धूर बाहेर जायच्या वाटेवर प्रत्येकाला एक छोटी झडप आहे. तिला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणतात. मी हळू चालते तेव्हा या झडपा अर्ध्या मिटलेल्या असतात. वेग वाढला, चढ लागला, की एक छोटी मोटर दोन बारीक केबली ओढते आणि झडपा वर उचलल्या जातात. मग मला मोकळा श्वास घेता येतो आणि अंगात खरा जोर येतो. केबल म्हणजे काय, तर प्लॅस्टिकच्या आवरणात पिळलेल्या तारा. एवढ्याशा तारांवर माझा सगळा दम असतो.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षीचा हिवाळा कडाक्याचा होता. एके दिवशी कळपाकडे जाताना माझ्या सायलेन्सरच्या पाइपची स्प्रिंग तुटली आणि पाइप खडखडू लागला. वादळ येत होते. राव्नाने तिथेच उघड्यावर बॉनेट उचलले, पाइप सोडवला, दुसरी स्प्रिंग लावली. हातमोजे काढून काम करावे लागत होते आणि तिची बोटे लाकडासारखी झाली होती. पाइप काढताना वाटेत आलेली डावी केबल तिने बाजूला केली होती. ती परत क्लिपच्या खालून घालायची होती. क्लिप थंडीने कडक होऊन मोडली. तेव्हा राव्नाने आपल्या बुटाच्या विणलेल्या पट्टीतला एक लाल-निळा धागा तोडला आणि केबल वरच्या वर बांधून टाकली. घरी गेल्यावर नीट करू, असे ती स्वतःशी पुटपुटलीही.

घरी गेल्यावर बिग्गा मावशीला ताप होता. ते राहून गेले.

मित्रांनो, केबल पाइपला जवळजवळ टेकली होती. पाइप किती तापतो हे तुम्हांला ठाऊक नाही. रोज थोडे थोडे आवरण वितळत होते. त्या भेगेतून पाणी शिरत होते, रात्री त्याचे बर्फ होत होते आणि आतली एकेक तार तुटत होती. माझ्यापाशी जीभ नाही. माझ्यापाशी होता फक्त पुढच्या फळीवरचा एक लाल दिवा. मी तो लुकलुकवला. पण थंडीत असले दिवे उगीचही लुकलुकतात, त्याची राव्नाला सवय होती. तिने त्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला.

"डोळे मारायचे नाहीत," ती मला म्हणाली. "काम करायचं."

मी काम करत राहिले.

ईस्टर आला. गावात लग्ने असतात, रेनडिअरच्या शर्यती असतात, आणि हिमगाड्यांच्याही असतात. राव्नाला कळप सोडता येत नव्हता. इस्सातने किल्ली मागितली. तिने पुष्कळ आढेवेढे घेऊन ती दिली.

इस्सात शर्यतीच्या मैदानाशी गेला खरा. पण त्याने मला कडेला उभे केले, घसरगाडीत बसलेल्या बिग्गा मावशीभोवती कातडे नीट खोचले आणि दोघांनी दुपारभर रेनडिअरची शर्यत पाहिली. हिमगाड्यांची पाळी आली तशी म्हातारी कंटाळली. इस्सातने तिला तिच्या मैत्रिणीकडे पोचवले, मला परत मैदानाशी आणले आणि कुंपणाशी उभा राहून बाकीच्यांच्या गाड्या पाहिल्या. त्याच्या हाताची बोटे माझ्या हँडलवर वळवळत होती, हे मी नाकारत नाही. पण तो रांगेत गेला नाही.

तेवढ्यात क्लेमेतने आम्हांला पाहिले. क्लेमेत हा आमच्याच गटातला, राव्नाच्या कळपाबरोबर आपला कळप राखणारा. माणूस मनाने वाईट नाही. पण कुठलीही बातमी त्याच्या हातात आली की तिला दोन शेपट्या फुटल्याशिवाय राहत नाहीत.

मे महिन्यात आम्ही कळप घेऊन समुद्राकडे निघालो. हे दरवर्षीचेच. माद्या गाभण असतात आणि पिल्ले होण्याआधी कुरणावर पोचावे लागते. कळपाच्या पुढे इस्सातचा पांढरा नर चालत असे. त्याला इस्सातने पिल्लू असल्यापासून हाताने शेवाळ चारून माणसाळवले होते. त्याच्या गळ्यात घंटा होती आणि ती वाजेल तिकडे बाकीचे जात. इस्सात स्कीवर, कुत्र्याला घेऊन कळपाच्या मागे होता. राव्ना माझ्यावर बसून कडेने चालली होती.

उन्हे वर आली होती. अचानक डोंगराच्या कडेवरचा बर्फाचा मोठा लोंबता ढीग कोसळला. आवाजाने कळप बिथरला आणि वाट सोडून खाली तळ्याकडे पळत सुटला. तळे गोठलेले होते, पण वसंतातले बर्फ ते. वरून पांढरे आणि आतून कुजलेले.

"वरनं जा, ताई!" इस्सात मागून ओरडला. "आडवी हो त्यांना!"

मधली टेकडी चढून पलीकडे उतरले असते तर मी तळ्याच्या आणि कळपाच्या मध्ये पोचले असते. राव्नाने हँडलवरचा वेगाचा खटका पूर्ण दाबला. मी सुटले. चढ लागला आणि माझा श्वास कोंडला. उजवी झडप उचलली गेली, डावी नाही. इंजिन गुरगुरत राहिले, पण त्याला वर चढताच येईना. मी रांगू लागले.

"चल ना! चल, चल, चल!" राव्ना माझ्या टाकीवर मूठ मारत होती.

आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा घंटा तळ्याच्या मध्यावर वाजत होती. मग ती वाजायची थांबली.

किती बुडाले, ते मी सांगणार नाही. आमच्याकडे कोणी कोणाला कळपाचा आकडा विचारत नाही. माद्या होत्या, त्यांच्या पोटात पिल्ले होती. पांढरा नर सगळ्यांच्या पुढे होता. इस्सात दोर घेऊन बर्फावर पोटावर सरपटत गेला, आणि क्लेमेतने त्याचे पाय धरून त्याला मागे ओढले, नाहीतर तोही गेला असता.

त्या संध्याकाळी सगळा गट शेकोटीभोवती बसला होता. उजेड होता, आमच्याकडे त्या दिवसांत अंधार पडतच नाही. कोणी बोलत नव्हते. कॉफी किटलीत तशीच उकळत होती. माझे बॉनेट अजून गरम होते.

"चांगली नवी-नवी असताना कशी धावायची ही," क्लेमेत शेवटी म्हणाला. शांतता त्याला सोसत नाही. "ईस्टरला मैदानावर बघितली तेव्हाच मला वाटलेलं, आता हिचं काही खरं नाही."

राव्नाने मान वर केली. "मैदानावर?"

"म्हणजे… शर्यतीला. इस्सात होता ना."

राव्ना उठून उभी राहिली. "तू हिला शर्यतीत पळवलीस?"

"नाही," इस्सात म्हणाला.

"मग मैदानावर काय करत होतास? प्रार्थना?"

"मी पळवली नाही, ताई."

"मागच्या गाडीच्या वेळीसुद्धा असंच म्हणाला होतास. पिस्टन जळून हातात आला तरी 'मी नाही' म्हणत होतास. आज बघ काय झालं तुझ्यामुळे! बाबांनी जन्मभर राखलेला कळप तू एका दुपारच्या मजेसाठी तळ्यात घातलास. खोटारडा!"

मावशी त्या प्रवासात नव्हती. ती गावीच होती. ती असती तर चार शब्दांत गोष्ट मिटली असती. इस्सातने बहिणीकडे पाहिले, मग शेकोटीभोवतीच्या एकेका तोंडाकडे पाहिले. कोणीच त्याच्या बाजूने बोलले नाही. त्याने पुन्हा काही सांगितले नाही. कळप कुरणावर पोचेपर्यंत तो मुकाट्याने मागे चालत राहिला, आणि पोचल्यावर आपली पिशवी उचलून समुद्रकाठच्या एका गावी मासे साफ करायच्या कारखान्यात कामाला लागला.

त्या सबंध चढावर माझ्या पट्ट्याखाली बर्फ होते आणि माझ्या टाकीत पेट्रोल होते. मला फक्त श्वास हवा होता. ते तळे मला अजून दिसते.

उन्हाळाभर मी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होते. कोणी माझ्याकडे आले नाही. एकदा राव्ना आली, ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि तसाच सोडून दिला.

ऑक्टोबरमध्ये पहिले टिकाऊ बर्फ पडले. राव्नाला दुसरी गाडी घेणे शक्य नव्हते. तिने मला शेडच्या मध्यभागी ओढले आणि क्लेमेतला मदतीला बोलावले, कारण एकाने इंजिन चालवायचे आणि दुसऱ्याने पाहायचे, असे हे काम असते.

"पिस्टनवर ओरखडे असणार," राव्ना म्हणाली. "शर्यतीत तापवलीय त्यानं. तू बघच."

"असणारच," क्लेमेत म्हणाला.

आधी त्यांनी जुने पेट्रोल काढून नवे भरले. मग प्लग काढले. उजवा छान तपकिरी होता. डावा काळा आणि ओलसर निघाला. कार्ब्युरेटर उघडून धुतला. पट्टा फिरवणारा बेल्ट बदलला. दर वेळी मला बाहेर काढून मागच्या चढावर नेले, आणि दर वेळी मी अर्ध्यावर दम टाकला.

मग राव्नाने पाइप सोडवला आणि टॉर्च घेऊन धुराच्या वाटेतून आत पिस्टनकडे डोळा लावला. ती बराच वेळ पाहत होती. डावा पाहिला, मग उजवा, मग परत डावा.

"काय?" क्लेमेतने विचारले.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. एक ओरखडा नाही. तू बघ."

क्लेमेतने पाहिले. त्याने टोपी काढली आणि डोके खाजवले. "तापवलेल्या गाडीचा पिस्टन असा नसतो," तो हळूच म्हणाला.

राव्नाची नजर फळीवरच्या काळ्या चिकटपट्टीवर गेली. तिने नखाने ती सोलून काढली. पाइप परत बसवून तिने क्लेमेतला मला सुरू करायला लावले. लाल दिवा लुकलुकू लागला. मी सुरू झाले की माझी ती छोटी मोटर झडपांच्या केबली एकदा ओढून पाहते, स्वतःची तालीम केल्यासारखी. राव्ना टॉर्च धरून वाकली.

"बंद कर. परत सुरू कर."

मोटर गुणगुणली. उजवी केबल ऐटीत सरकली. डावी जागच्या जागी थरथरली.

"व्हॉल्व्ह धरलाय काजळीनं," क्लेमेत म्हणाला. "जुन्या गाड्यांत होतं तसं."

राव्नाने डावा व्हॉल्व्ह उघडला. काजळी होती, पण थोडीच. तिने हाताने झडप वर-खाली केली. ती सुरळीत सरकली. म्हणजे दुखणे झडपेचे नव्हते. तिने केबल मोटरकडून सोडवली आणि ओढली. ती आधी अडकली, मग एकदम सैल झाली आणि गंजलेल्या तारांचे टोक तिच्या हातात आले. बाकीची केबल कुठे अडकली आहे, हे पाहण्यासाठी ती आवरणावरून बोट फिरवत खाली गेली. पाइपपाशी बोट थांबले. तिथे प्लॅस्टिक वितळून चपटे झाले होते. आणि त्याच्या वर, धुराने काळवंडलेली पण ओळखू येणारी, लाल-निळ्या धाग्याची गाठ होती.

क्लेमेत वाकून पाहू लागला.

"ही गाठ कोणाची?" क्लेमेतने विचारले. मग त्याची नजर राव्नाच्या बुटांच्या पट्ट्यांवर गेली आणि आपण विचारायला नको होते हे त्याला कळले.

राव्ना खाली बसली, माझ्या स्कीवर. हात काळे झाले होते, तेच तिने तोंडावरून फिरवले.

"वादळ होतं," ती म्हणाली. "घरी जाऊन नीट करणार होते."

"होतं असं, राव्ना. कोणाचंही होतं."

"केबलचं होतं. मी त्याला काय काय बोलले, ते नाही होत."

क्लेमेत टोपी हातात चुरगाळत होता. "मी त्याला रांगेत बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "गाडी उभी होती. तो कुंपणाशी होता. बाकीचं माझं मीच…"

"हं," राव्ना म्हणाली. त्याच्यावर ओरडण्याइतकेही त्राण तिच्यात उरले नव्हते.

नवी केबल अल्ता शहरातून बसने आली. ती बसवणे हे एका दुपारचे काम निघाले. राव्नाने ती नव्या क्लिपमधून, खालच्या बाजूने, पाइपपासून लांब नेली. दोन्ही टोके अडकवली. पाना घेऊन तिने दोन्ही केबलींचा ताण जुळवला. मग मला चढावर नेले. माझ्या दोन्ही झडपा एकदम उघडल्या आणि मी टेकडीच्या माथ्यावर जाऊन पोचले. मला वाटले, राव्ना आता हसेल. तिने इंजिन बंद केले आणि हँडलवर डोके टेकून ती तशीच बसून राहिली. मी जितकी जोरात चढले होते तितके तिला जास्त लागले असावे.

दुसऱ्या दिवशी तिने शेडमधून इस्सातला फोन लावला.

"हां, बोल," तो म्हणाला. मागे यंत्रांचा आवाज होता.

"कसा आहेस?"

"बरा."

"मासे कसे आहेत?"

"मासे? मेलेले आहेत. काम काय आहे, ताई?"

राव्नाने माझ्या बॉनेटवरचा एक डाग बोटाने पुसला. "कळपाची वाटणी आहे पुढच्या महिन्यात. तुझ्या खुणेची जनावरं वेगळी करायची आहेत. तू यायला हवंस."

"येतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दाराशी बिग्गा मावशी काठी टेकून उभी होती. तिने सगळे ऐकले होते. केबलचे आणि वसंतातल्या भांडणाचे तिला क्लेमेतकडून आत्ताच कळले होते, आणि ईस्टरला इस्सात तिलाच रेनडिअरची शर्यत दाखवायला मैदानावर गेला होता, हे तिने राव्नाला सांगितले होते.

"माशांची चौकशी झाली," म्हातारी म्हणाली. "आता खेकड्यांचीही कर."

"आला की सांगेन ना, मावशी. एकटा सापडला की."

"एकटा कशाला? शिव्या घालताना एकटा होता का तो?"

राव्नाने फोन खिशात टाकला.

"चार माणसांत बोललीस, चार माणसांतच परत घे," मावशी म्हणाली. "नाहीतर घेऊच नकोस."

वाटणीच्या दिवशी सगळा गट कुंपणाशी जमला होता. कळप आत गोल गोल फिरत होता आणि श्वासांचे धुके वर तरंगत होते. ज्याने त्याने कानाच्या खुणा ओळखून आपापली जनावरे फासाने धरायची आणि आपल्या कप्प्यात न्यायची, असे ते काम. मी फाटकाशी उभी होते. इस्सात सकाळी आला होता. थोडा वाळला होता. त्याने सगळ्यांना मान लवून नमस्कार केला तसा बहिणीलाही केला.

जेवणाची सुट्टी झाली. मांसाच्या रश्श्याचे मोठे पातेले शेकोटीवरून उतरले. सगळे वाडगी घेऊन बसले तेव्हा राव्ना उभी राहिली. तिच्या हातात वाडगे नव्हते.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "वसंतात मी इस्सातला खोटारडा म्हणाले. तुम्ही सगळे होतात. त्यानं गाडी पळवली नव्हती. गाडी मी बिघडवली होती. केबल मी चुकीची बांधली, दिवा लागला तर त्यावर चिकटपट्टी मी लावली. तळ्यात जे गेले ते माझ्यामुळे गेले. त्याचा पांढराही."



"आणि मी त्याला शर्यतीत बघितलं नव्हतं," क्लेमेत बसल्या बसल्याच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी उगीच बोललो."

सगळ्यांनी इस्सातकडे पाहिले. तो वाडग्यात पाहत होता.

"गाडीचं मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?" राव्नाने विचारले.

"ईस्टरला मावशीला घेऊन येताना गावाबाहेरच्या चढावर दम टाकला तिनं. परत आल्यावर मी तुला सांगायला लागलो. म्हटलं, ताई, गाडी चढावर श्वास कोंडल्यासारखी करतेय. तू म्हणालीस, किल्ली दे आणि कुत्र्यांना खायला घाल."

मित्रांनो, ते खरे होते. मी तिथेच उभी होते. त्याने दोनदा सुरुवात केली होती, आणि तिने दोन्ही वेळा किल्लीसाठी हात पुढे केला होता.

राव्नाचे तोंड पांढरे पडले. तिला ते आतापर्यंत आठवत नव्हते, आणि आता आठवत होते. केबलची चूक थंडीत झाली होती, घाईत झाली होती. पण ही चूक घरात, उबेत झाली होती. ती सुधारायला तळ्याच्या आधी कित्येक आठवडे हातात होते.

"त्याचं मी काय करू?" ती म्हणाली.

"काय करणार," इस्सात म्हणाला. "बस. रस्सा गार होतोय."

त्याने तिला माफ केले की नाही, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि तिलाही कळले नाही. दुपारी दोघे कुंपणात उतरले. ती फास टाकायची, तो जनावर धरायचा. बोलणे कामापुरतेच.

वाटणी संपली. इस्सातला कारखान्यात परत जायचे होते. वसंतात कळप निघेल तेव्हा येईन, एवढे तो म्हणाला होता. राव्ना त्याला माझ्यावरून रस्त्यापर्यंत पोचवायला निघाली. निघताना तिने गळ्यातली किल्ली काढली आणि काही न बोलता त्याच्यापुढे धरली. त्याने थोडा विचार केला, किल्ली घेतली आणि तो पुढे बसला. ती मागे बसली.

त्याने मला आधी हळू चालवले, मग जोरात, मग परत हळू. चढ चढवला, उतार उतरवला. रस्ता आला. बस अजून आली नव्हती. त्याने इंजिन बंद केले, बॉनेट उचलले आणि डाव्या केबलवर बोट दाबून पाहिले.

"घट्ट झालीय," तो म्हणाला. "वरती छान पळते, पण खालच्या वेगात उचल नाही. झडप पूर्ण मिटत नसणार. अर्धा फेरा सैल कर."

नवी केबल राव्नाने स्वतः मोजून, पाहून, पुन्हा पुन्हा तपासून बसवली होती. तिचे ओठ हलले. मला वाटले, आता ती म्हणणार, मला शिकवू नकोस. अंधारात बसचे दिवे वळणावर दिसू लागले होते.

राव्नाने गादीखालून पाना काढला, हातमोजे दातांनी ओढून काढले आणि माझ्यावर वाकली.

"अर्धा?" तिने विचारले.

"अर्धा. थांब, थोडा आणखी. हां."

बसच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला. इस्सातने हात वर करून त्याला थांबायला सांगितले आणि तिचा नट आवळून होईपर्यंत टॉर्च धरून उभा राहिला.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे, मला फार काही मागायचे नाही. आमच्यासारख्या यंत्रांना तेल द्या, बर्फातून आणल्यावर पुसा, दिवा लागला तर तो झाकू नका. आम्हांला बोलता येत नाही. पण तुमच्या घरात ज्याला बोलता येते असा कोणी दाराशी येऊन "जरा ऐक ना" म्हणाला, तर हातातले काम खाली ठेवा आणि त्याचे ऐका. तो पुन्हा सांगेलच असे नाही.